वैद्यकाची रंगीत तालीम

नाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वीं रंगीत तालीम करावी लागते, हें झाडीपट्टींतील माणसाला कोणी समजावून सांगावें लागत नाहीं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या त्या मुलुखांत धानाची कापणी उरकली कीं गांवोगांवीं मंडप उभे राहतात आणि रात्ररात्र नाटकें चालतात. नायकानें आपलें भाषण आपल्या घरीं पाठ केलें, नायिकेनें तिच्या घरीं, तबलजीनें ओसरीवर बसून आपला हात साफ केला, आणि मग ही सारी मंडळी प्रेक्षकांसमोरच प्रथम एकमेकांना भेटली, तर त्या प्रयोगाची काय गत होईल हें उघड आहे. इस्पितळांत मात्र नेमका हाच प्रकार वर्षानुवर्षें चालत आला आहे. डॉक्टर एका विद्यालयांत तयार होतो, परिचारिका दुसऱ्या, औषधें देणारा तिसऱ्या आणि प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ चौथ्या. या चौघांची पहिली गांठ पडते ती रोग्याच्या खाटेशीं. तालीम नाहीं, एकदम प्रयोगच.

ही उणीव भरून काढण्यासाठीं जी शिक्षणपद्धति अलीकडे जगभर रुजूं लागली आहे, तिचीं अंगें दोन. खऱ्या रोग्याच्या जागीं पुतळा, यंत्र किंवा रोग्याची बतावणी करणारा मनुष्य ठेवून केलेला सराव, हें पहिलें; त्याला सिम्युलेशन म्हणतात. दुसरें आंतरव्यावसायिक शिक्षण. दोन विद्यालयांचीं मुलें एका वर्गांत शेजारीं शेजारीं बसवलीं म्हणजे तें साधलें असें नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं या विषयावर जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याचा कटाक्ष असा कीं, निरनिराळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनीं एकमेकांविषयीं शिकावें, एकमेकांपासून शिकावें आणि एकमेकांच्या सहवासांत शिकावें. व्याख्यान ऐकून हें होत नाहीं. त्यासाठीं कांहीं तरी एकत्र करावें लागतें; आणि तें रोग्याच्या जिवावर करतां येत नाहीं, म्हणून पुतळा हवा. दोन्ही अंगें अशीं एकमेकांत गुंतलेलीं आहेत.

भंडाऱ्याच्या बाबतींत हा विषय नुसत्या शिक्षणशास्त्राचा राहत नाहीं. ९ जानेवारी २०२१ रोजीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या विशेष दक्षता विभागांत आग लागली. विभागांत १७ अर्भकें होतीं. त्यांपैकीं सात वांचलीं; दहा गेलीं. दोष कोणाचा, हा न्यायाचा प्रश्न आणि त्याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. शिक्षणाचा प्रश्न निराळा आहे. धुरानें कोंदलेल्या खोलींत, जेथें रोग्याला चालतां येत नाहीं, हांक मारतां येत नाहीं, आपलें नांवहि सांगतां येत नाहीं, तेथें पहिल्या दोन मिनिटांत कोणी काय करावयाचें? विजेचा मुख्य खटका कोणी ओढावयाचा? प्राणवायूची झडप कोणी बंद करावयाची? (प्राणवायु स्वतः पेटत नाहीं, पण पेटलेल्याला तो भडकवितो.) कोणतें बालक आधीं उचलावयाचें, दार कोणी धरून ठेवावयाचें, बाहेर आणलेल्या बालकाला कोणाच्या हवालीं करावयाचें? यांचीं पुरीं उत्तरें एकट्या डॉक्टरच्या पुस्तकांत नाहींत आणि एकट्या परिचारिकेच्या वहींतहि नाहींत. तीं अनेक हातांमध्यें वांटलेलीं आहेत. आणि ते हात संकटाच्या आधीं एकत्र आलेले नसतील, तर संकटांत ते एकमेकांना आडवे येतात.

याच शहरांत २०२४ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. त्या वर्षीं ऑक्टोबरमध्यें राज्यांतील जीं दहा नवीं शासकीय महाविद्यालयें उद्घाटित झालीं त्यांत भंडाऱ्याचें एक होतें. त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं, २४ जानेवारी २०२५ रोजीं, जवाहरनगरच्या आयुधनिर्माणींत स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखीं पडले आणि इतर जखमी झाले. एकाच वेळीं अनेक जखमी दारांत आले म्हणजे कोणाला आंत घ्यावयाचें आणि कोणाला थांबवावयाचें, हाहि असाच अनेक हातांचा प्रश्न. सारांश, जेथें हा विषय शिकविण्याची सर्वांत अधिक निकड आहे, तेथेंच आतां शिकणारे विद्यार्थी येऊन दाखल झाले आहेत.

सरावाची कल्पना परदेशांतून आली, असा समज असेल तर तो चुकीचा ठरेल. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘योग्या’, म्हणजे हस्तक्रियेचा अभ्यास, या एका विषयासाठीं स्वतंत्र अध्याय खर्ची घातलेला आहे. शस्त्र चालविण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर करावा. पाण्यानें किंवा चिखलानें भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर भेदन शिकावें. केसाळ कातड्यावर खरवडणें आणि मेलेल्या जनावराच्या शिरांवर किंवा कमळाच्या देठांवर शिरावेध शिकावा. आणि पट्टी बांधण्याचा सराव हुबेहूब घडविलेल्या पुतळ्याच्या अवयवांवर करावा. सारें शास्त्र पढलेला, पण हा अभ्यास न केलेला शिष्य कर्माला अपात्र, असा त्या अध्यायाचा स्पष्ट निर्वाळा आहे. दुसऱ्या बाजूनें चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला त्यानें वैद्याचा गडी केलें नाहीं. शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं ममता आणि शुचिता असे चार गुण त्याच्याहि अंगीं असावेत, असें सांगून त्याला स्वतंत्र पाय म्हणून उभें केलें. या दोन विचारांची सांगड मात्र पुढें पडली नाहीं. सुश्रुताचा शिष्य कोहळ्यापुढें एकटाच बसला.

युरोपांत अठराव्या शतकांत आंजेलीक दु कूद्रे नांवाच्या एका सुईणीनें कापड, चामडें आणि कापूस यांचें गर्भाशय व बाळ तयार केलें. इ. स. १७५९ मध्यें फ्रान्सच्या राजानें तिला देशभर हिंडून खेड्यांतील सुईणींना शिकविण्याची परवानगी दिली. तिनें सुईणींबरोबर शस्त्रवैद्यांनाहि शिकविलें, ही गोष्ट मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें १९६० सालीं नॉर्वेंतील स्टाव्हांगर गांवच्या आसमुंड लेरडाल या खेळणीं तयार करणाऱ्या कारखानदारानें तोंडानें श्वास देण्याचा सराव करण्यासाठीं मनुष्याकृति पुतळी बाजारांत आणली. बाहुल्या करणाऱ्याचा हात वैद्यकाच्या उपयोगीं पडला तो असा. आजचे संगणकावर चालणारे पुतळे, ज्यांची नाडी चालते, बुबुळें आकुंचन पावतात आणि छातींत घरघर ऐकूं येते, ते याच पुतळीचे वंशज होत.

एकत्र सरावाचा एक पाठ कसा चालतो तें पाहिलें म्हणजे या पद्धतीचें मर्म ध्यानांत येईल. प्रसंग प्रसूतिगृहाचा कल्पावा. बाळ जन्मलें आहे आणि रडत नाहीं. बहुतेक बालकें आपण होऊन श्वास घेतात. पण सुमारें दहांत एकाला कांहीं तरी मदत लागते, आणि ती पहिल्या मिनिटांत मिळावी लागते. त्या मिनिटांत बाळ कोरडें करावयाचें, उबेंत ठेवावयाचें, मान नीट करून श्वासमार्ग मोकळा करावयाचा, पाठ चोळावयाची, आणि तरीहि श्वास आला नाहीं तर तोंडानाकावर मुखवटा बसवून पिशवीनें हवा द्यावयाची, मिनिटाला चाळीस ते साठ वेळां. पाठासाठीं लागणारा पुतळा साधाच असतो. त्यांत कोमट पाणी भरलें म्हणजे त्याला अर्भकाचें वजन येतें, ऊब येते आणि मान लुळी पडते. शिक्षक शेजारीं बसून रबराचा लहानसा फुगा दाबतो आणि नाळेंत ठोके उमटवितो. त्याच्या मनांत असेल तेव्हांच बाळ रडतें.

भूमिका वांटून दिलेल्या असतात. वैद्यकाचा अखेरच्या वर्षाचा एक विद्यार्थी, परिचर्येच्या दोन विद्यार्थिनी, औषधनिर्माणशास्त्राचा एक विद्यार्थी. एखादी मुलगी बाळंतिणीची सासू होऊन दारांत उभी राहते आणि ‘बाळ कां रडत नाहीं?’ म्हणून सारखी विचारीत राहते. हीं सारीं मुलें आपापल्या परीक्षांत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेलीं असतात. पहिला प्रयोग तरीहि बहुधा फसतो, आणि त्याच त्याच रीतीनें फसतो. हवेच्या पिशवीकडे दोघांचे हात एकदम जातात आणि बाळ पुसावयाचें राहून जातें. घड्याळाकडे कोणीच पाहत नाहीं. तीस सेकंद गेले असें सर्वांना वाटतें तेव्हां दोन मिनिटें होऊन गेलेलीं असतात. मुखवटा नीट बसलेला नसतो आणि छाती वर येत नाहीं. तें शेजारच्या मुलीच्या लक्षांत येतें, पण हात तिचा नसतो. ‘ॲड्रेनलिन आणा’ असा हुकूम सुटतो, पण कोणाला उद्देशून तें कळत नाहीं. म्हणून तिघेहि थांबतात, किंवा तिघेहि धांवतात.

या औषधाची पाळी अर्भकांत क्वचितच येते, कारण मुख्य उपचार श्वास हाच. परंतु पाळी आली म्हणजे चुकीला जागा भरपूर. भारतांत ॲड्रेनलिनची कुपी सामान्यतः एका मिलिलिटरांत एक मिलिग्रॅम एवढ्या तीव्रतेची मिळते. अर्भकासाठीं ती दसपट पातळ करावी लागते. नुसतें ‘एक मिलि द्या’ म्हटलें, तर तें पातळ केलेलें कीं कुपींतलें, हें त्या शब्दांत नाहीं. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा फरक तोंडपाठ असतो. अडचण एवढीच कीं, त्या खोलींत त्याला कोणी विचारीत नाहीं आणि विचारल्याखेरीज बोलण्याची त्याला संवय नाहीं.

पुतळा बाजूला ठेवून मंडळी गोल बसतात, आणि खरा पाठ येथें सुरू होतो. प्रयोगाला दहा मिनिटें लागलीं असतील तर या चर्चेला वीस-तीस मिनिटें दिलीं पाहिजेत, असा जाणत्या शिक्षकांचा दंडक आहे. शिक्षक दोष देत नाहीं. काय घडलें आणि त्या क्षणीं प्रत्येकाच्या मनांत काय होतें, एवढेंच विचारतो. परिचर्येच्या विद्यार्थिनीला तो विचारतो, ‘मात्रेविषयीं शंका आली होती का?’ उत्तर येतें, ‘आली होती, सर.’ ‘मग बोलल्या कां नाहीं?’ यावर ती थोडा वेळ गप्प राहते. मग म्हणते, ‘डॉक्टरांनीं सांगितलें होतें ना!’

वैद्यकांतील पुष्कळशा चुका अज्ञानानें होत नाहींत, त्या या ‘ना’मुळें होतात. ज्याला ठाऊक असतें त्याला बोलतां येत नाहीं आणि ज्याला बोलतां येतें त्याला ठाऊक नसतें. आपल्याकडे तर वडीलधाऱ्यांपुढें उलट उत्तर न देणें हा संस्कार लहानपणापासून अंगीं मुरलेला असतो, आणि तो घरांत शोभतोहि. औषधाच्या कुपीपुढें तो घातक ठरतो.

हा धडा विमानवाल्यांनीं फार मोठी किंमत देऊन घेतला. २७ मार्च १९७७ रोजीं टेनेरीफ बेटावर धुक्यांत दोन प्रचंड विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसें ठार झालीं. एका विमानाच्या कप्तानानें परवानगी मिळण्यापूर्वींच उड्डाणाला आरंभ केला होता. धावपट्टी खरोखर मोकळी झाली आहे का, अशी शंका त्याच्याच यंत्रज्ञानें बोलून दाखविली होती. अनुभवी कप्तानानें ती उडवून लावली. पुढें विमान कंपन्यांनीं वैमानिकांचें प्रशिक्षण बदललें. एकट्या कप्तानाचें कौशल्य तपासण्याऐवजीं सबंध चमूला कृत्रिम विमानकक्षांत एकत्र बसवून, कनिष्ठानें शंका कशी मांडावी आणि वरिष्ठानें ती कशी ऐकावी, हें शिकविण्यांत येऊं लागलें. भूल देणाऱ्या डॉक्टरांनीं, विशेषतः अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें डेव्हिड गाबा यांनीं, हीच रीत शस्त्रक्रियागृहांत आणली.

दुसऱ्या वेळीं तोच पाठ सुरू होतो तेव्हां कांहीं साधे नियम ठरलेले असतात. हुकूम नांव घेऊन द्यावयाचा. ज्याला दिला त्यानें तो मात्रेसह मोठ्यानें पुन्हां उच्चारावयाचा, आणि काम झालें म्हणजे ‘झालें’ असें सांगावयाचें. एकानें नुसतें घड्याळ पाहून दर तीस सेकंदांनीं वेळ पुकारावयाची. शंका आली तर ती प्रश्न म्हणून विचारावयाची. तरीहि उत्तर मिळालें नाहीं तर स्पष्ट शब्दांत ‘थांबा’ म्हणावयाचें, आणि हा शब्द कोणाच्याहि तोंडून निघाला तरी हात थांबले पाहिजेत. सासूजवळ एकानें उभें राहून तिला काय चाललें आहे तें सांगत राहावयाचें. या नियमांत नवीन असें ज्ञान कांहींच नाहीं. तरीहि या खेपेला मुखवटा एका मिनिटाच्या आंत चढतो, छाती वर येतांना सर्वांना दिसते, आणि शिक्षक फुगा दाबून बाळाला रडवितो. त्या रबरी रडण्यानें वीस वर्षांच्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तो पाहणाऱ्याला हा खेळ आहे असें म्हणवत नाहीं.

खेळांत चाललेलें खऱ्या खोलींत चालतें का, ही शंका रास्त आहे. तिला एक चांगलें उत्तर इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरच्या साउथमीड रुग्णालयांत मिळालें. तेथें २००० सालापासून प्रसूतिविभागांतील डॉक्टर आणि सुईणी या सर्वांनीं दरवर्षीं एकत्र तालीम करावयाची, असें ठरलें. बाळाचा खांदा अडकण्याच्या बिकट प्रसंगीं त्याला इजा होण्याचें प्रमाण या तालमीपूर्वीं शेंकडा ९.३ होतें, पुढें तें २.३ वर आलें. हे आंकडे २००८ सालीं प्रसिद्ध झाले. ही तालीम डॉक्टरांची वेगळी आणि सुईणींची वेगळी अशी नव्हती, आणि ती कोठें दूरच्या संस्थेंत जाऊन केलेली नव्हती. आपल्याच रुग्णालयांत, आपल्याच सहकाऱ्यांबरोबर केलेली होती. अर्थात् पुतळ्यावर यशस्वी झालेला प्रत्येक संघ खाटेशींहि यशस्वी होईल, अशी हमी यांतून निघत नाहीं. पुतळ्याला वेदना होत नाहींत, त्याचे नातेवाईक रात्रभर बाहेर बसलेले नसतात. आणि पुतळा जितका महाग तितकें शिक्षण थोर, हा समज तर साफ खोटा आहे. चर्चा घेणारा शिक्षक नसेल तर लाखो रुपयांचें यंत्र कपाटांत धूळ खात पडतें.

भारतांत या गोष्टीला आरंभ झालेलाच नाहीं असें नाहीं. २००९ सालीं केंद्र शासनानें नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला, आणि त्यांत डॉक्टर व परिचारिका यांना पुतळ्यावरच श्वास देण्याचें शिक्षण मिळतें. २०१९ पासून वैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमांत प्रत्येक महाविद्यालयाला कौशल्य-प्रयोगशाळा ठेवणें भाग पडलें. वर्ध्याजवळ सावंगी येथें तर वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या आणि भौतिकोपचार हीं विद्यालयें एकाच आवारांत नांदत आहेत. पण एका आवारांत नांदणें म्हणजे एकत्र शिकणें नव्हे. डॉक्टरांचा अभ्यासक्रम एक मंडळ ठरवितें, परिचारिकांचा दुसरें, औषधनिर्मात्यांचा तिसरें. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानें १९९८ पासून वैद्यक, परिचर्या, आयुर्वेद वगैरे शाखा एका छत्राखालीं आणल्या खऱ्या. तरी प्रत्येकीचें वेळापत्रक निराळें आणि परीक्षाहि निराळी. औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी तर बहुधा दुसऱ्याच विद्यापीठाचा. ज्या विषयाला परीक्षेंत गुण नाहींत त्यासाठीं चार शाखांच्या प्राचार्यांनीं एक मोकळी दुपार शोधावयाची, हें काम पुतळा विकत घेण्यापेक्षां कितीतरी अवघड आहे.

शिवाय संघ म्हणजे पदवीधरांचाच, अशी समजूत करून घेणें बरें नव्हे. भंडाऱ्याहून वैनगंगा खालीं जाते त्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें खेड्यांतील बायकांना नवजात बालकाची शुश्रूषा शिकविली. त्या कामाचा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत आला, आणि घरच्या घरीं केलेल्या शुश्रूषेनें बालमृत्यु किती घटूं शकतात तें जगाला दिसलें. लाखांदूरच्या किंवा तुमसरच्या खेड्यांतून बाळ जिल्ह्याच्या गांवीं येतें तेव्हां त्याच्याबरोबर बहुधा आशा कार्यकर्ती असते. वाटेंत काय झालें तें तिलाच ठाऊक. तिचें बोलणें दोन वाक्यांत नेमकें घेणें, हाहि तालमीचाच विषय. आणि ज्यांना सगळें इस्पितळ मामा आणि मावशी म्हणून हांक मारतें, ते वॉर्डांतले सेवक? रात्रीं दोन वाजतां किल्ली कोठें आहे हें बहुधा त्यांनाच माहीत असतें.

म्हणून या पद्धतीचा सर्वांत स्वस्त आणि कदाचित् सर्वांत उपयोगी प्रकार प्रयोगशाळेंत होतच नाहीं. तो प्रत्यक्ष विभागांतच, रात्रपाळींत, कामावर असलेल्या माणसांना घेऊन होतो. एखाद्या रिकाम्या खाटेवर पुतळे ठेवावयाचे, ‘आग’ म्हणून पुकारा करावयाचा आणि घड्याळ लावावयाचें. परिचारिका बालकें उचलतील, डॉक्टर क्रम ठरवील, मामा खटक्याकडे जातील, मावशी दार धरतील, तंत्रज्ञ प्राणवायूची झडप फिरवील. अशा तालमींत उघडकीस येतें तें बहुधा अगदीं साधें असतें. खटक्यासमोर कोणी कपाट आणून ठेवलेलें असतें. झडपेची जागा दिवसपाळीला ठाऊक, रात्रपाळीला नाहीं. एका हातीं एकच बालक नेतां येतें, आणि खिसे असलेला अंगरखा घातला तर अधिक नेतां येतात. पण तो कुलुपांत असतो. अग्निशामक नळकांडें भिंतीवर असतें, पण तें हातांत धरण्याची वेळ कोणावर आलेली नसते. तालीम संपली कीं विभागाच्या वहींत तीन गोष्टी लिहावयाच्या: काय सांपडलें, तें कोण दुरुस्त करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या महिन्याची तालीम तीच वही उघडून सुरू होते.